शालीक आर्ट्समध्ये पाच नेमणुका

कुडवा, १४ जुलै २०१३

लोकेंद्र,

तुझं पाकीट मिळालं. मला वाटलं आत पत्र असेल. नव्हतं. एक छापील फॉर्म होता आणि त्यावर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी : "ताई, खाली सही आणि शिक्का. अर्जंट." भावाने बहिणीला लिहिलेले सहा शब्द.

फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागेल, म्हणून लिहिते.

फॉर्म तीनदा वाचला. त्यात म्हटलंय की "शालीक आर्ट्स, आमगाव" या आस्थापनेने तुमच्या विद्यापीठाच्या कला व माध्यम उद्योग विभागातल्या पाच पदवीधरांना 'दृश्य कलाकार' म्हणून कायम नेमणूक दिली आहे. खाली पाच नावं, त्यांचे हुद्दे, रुजू झाल्याची तारीख. सगळं टाइप करून तयार. फक्त माझी सही बाकी.

आस्थापना! तू विसरला असशील तर आठवण करून देते. रेल्वे फाटकाजवळची आपल्या बाबूजींची टिनाची शेड. एक शिडी, एक लंगडं टेबल, दोन चुली. एकीवर रंगात घालायचा सरस शिजतो, दुसरीवर चहा. कर्मचारी म्हणशील तर मी. रोज सकाळी कुडव्याहून स्कूटीवर निघते, इंद्रकुमारला, तुझ्या भाऊजींना, दुकानावर सोडते आणि आमगाव गाठते. बाबूजी खाटेवर बसून "आभाळ जड झालं", "खांब वाकडा हाय" असं सांगत राहतात. हात थरथरतात त्यांचे, डोळे शाबूत आहेत. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने केव्हाच खाल्ल्या. आता उरलेत ते झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की होळीपर्यंत नाटकं, आणि नाटकांआधी तीन-चार महिने आमचं काम. या आस्थापनेत पाच दृश्य कलाकार उभे करायचे तर दोघांना बाहेर पावसात उभं राहावं लागेल.

चार नावांना चेहरा नाही माझ्यासाठी. मागच्या वर्षी जानेवारीत तू बस भरून पोरं आणली होतीस, त्यात असतील. तो दिवस तुझ्या लक्षात आहे? माझ्या आहे. तू शेडच्या दारात उभा राहून पोरांना म्हणालास, "या इथल्या स्वशिक्षित लोककलाकार, योगेश्वरीबाई." योगेश्वरीबाई! पोरांनी फोटो काढले. मी चहा दिला. तुझ्या कपात साखर कमी टाकली, कारण तू कमी घेतोस हे मला ठाऊक आहे. स्वशिक्षित लोककलाकाराला हे कसं ठाऊक, असं एकाही पोराने विचारलं नाही. बाबूजी समोर खाटेवर बसले होते. ज्या माणसाने मला नवव्या वर्षी हातात ब्रश दिला, त्याच्यासमोर तू मला स्वशिक्षित म्हणालास, आणि तो माणूस तुझ्याकडे कौतुकाने पाहत होता.

पाचवं नाव मात्र खरं आहे, आणि त्याचाच राग जास्त आला. चमेली उईके. सालेकशाकडची, कचारगडच्या पायथ्याच्या गावातली पोरगी. ती गेल्या महिन्यात आली माझ्याकडे. एक पिशवी, एक लॅपटॉप आणि तुमच्या विभागाची पदवी घेऊन. पुण्यात वर्षभर हिंडून काही जमलं नाही असं तीच म्हणाली. तू पाठवलेलं नव्हतंस तिला. भिंतीवरचा आपल्या दोघांचा जुना फोटो पाहून मला म्हणाली, "ताई, हे आमचे सर आहेत का? सर तुमचे कोण?"

मी सांगितलं.

सही करणार नाही.

योगेश्वरी

---

आमगाव, ३ ऑगस्ट २०१३

लोकेंद्र,

मला फोन न करता तू बाबूजींना केलास. हुशार आहेस.

कालपासून ते एकच धरून बसलेत. "करून टाक ना सही. पोराची नोकरी हाय. तुह्या बापाचं काय जाऊन राहिलं?" मी म्हटलं, बाबूजी, खोटं आहे ते. तर म्हणाले, "कागदच तं हाय, बाई. आपण पडद्यावर महाल काढतो, त्यात कोणी राह्यते का?"

यावर मला हसू आलं, हे खरं. पण सही केली नाही.

आता मला कळलं की पाहणी समिती येणार आहे, आणि किती पदवीधर कामाला लागले हा आकडा भरला नाही तर पुढच्या वर्षी प्रवेश बंद. विभाग बंद म्हणजे विभागप्रमुख बंद. तुझं घर, पोराची शाळा, हे सगळं बाबूजींनी मला रडवेल्या आवाजात सांगितलं. मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. पण त्या चार पोरांचं काय? त्यांच्या आईबापांनी कोणाचा कागद पाहून त्यांना तिथे घातलं? आणि पुढच्या वर्षी जी येतील, ती या पाच नेमणुका वाचूनच येतील ना?

तू बाबूजींना म्हणालास म्हणे, "ताई जळते माझ्यावर. शिकायला मिळालं नाही म्हणून."

मग ऐक. आता जुनं काढतेच. एकोणीसशे नव्व्याण्णव. नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात तू प्रवेशाला गेलास तेव्हा तुझ्या फाइलमध्ये बारा चित्रं होती. त्यातली नऊ माझी. आमगाव स्टेशनवरची भाजीवाली माझी. माय धान पाखडताना, ते माझं. बैलाच्या पाठीचं ते चित्र पाहून मुलाखतीतल्या सरांनी तुझी पाठ थोपटली असं तूच येऊन सांगितलं होतंस. कोणाची पाठ थोपटली त्यांनी? सरकारी महाविद्यालयात एक जागा मिळाली, ती तुला. घरात पंचवीस एकर धान, पवाराचं घर, पोरगी वीस वर्षांची. ती नागपूरला होस्टेलमध्ये राहून चित्र शिकते म्हणजे लोक काय म्हणतील? तू पाच वर्षं शिकलास. पुढे पुण्यात जाहिरात कंपनी, मग पुढची पदवी, मग प्राध्यापक. मी तोपर्यंत चाळीस-पन्नास महाल काढले.

मी कधी तोंड उघडलं नाही. आज उघडलं, कारण तू पुन्हा माझ्याच हातचं काम तुझ्या फाइलमध्ये घालायला मागून राहिलास.

चमेलीचं सांगते. पोरगी हुशार आहे, कष्टाळू आहे. पहिल्या दिवशी तिने मला लॅपटॉपवर वीस चित्रांचं सादरीकरण दाखवलं. नाव होतं 'ग्रामीण रंगभूमीचा दृश्य अनुभव : नव्या शक्यता'. चांगलं होतं. मी म्हटलं, आता चल, सरस भिजव. तिने सरस पाहिलाच नव्हता. कापड ताणून खिळे कसे मारायचे, वीस फुटांच्या कापडावर दोरीने चौकोन कसे पाडायचे, खाली उभं राहून काढलेला खांब मागच्या रांगेतल्या माणसाला कसा दिसेल, काही नाही. शिडीवर चढली तर दोन्ही हातांनी शिडीच धरून बसली. तीन वर्षांत तिला कोणी माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या कापडासमोर उभंच केलं नव्हतं.

मी विचारलं, "मग करत काय होता तुम्ही?"

"प्रोजेक्ट," ती म्हणाली. "ग्रुपमध्ये. आणि मग प्रेझेंट."

"अन् काम कसं मागायचं हे शिकवलं?"

"सीव्ही कसा लिहायचा ते शिकवलं ताई."

झाडीपट्टीत सीव्ही कोण वाचतो रे? वडशाला नाटक कंपनीच्या हपिसात जावं लागतं, बाकावर बसावं लागतं, मालक तीनदा म्हणतो "उद्या या", आणि चौथ्यांदा आपण उठायचं नसतं. हे कोणत्या पेपरात होतं?

योगेश्वरी

---

आमगाव, ८ सप्टेंबर २०१३

लोकेंद्र,

उत्तर नाही आलं. चालेल. आज मला स्वतःचाच राग आला आहे, आणि तो काढायलाही तूच सापडलास.

गेल्या आठवड्यात वडशाहून भैयाजी आले होते. त्यांच्या नाटक कंपनीचे पडदे आपल्याकडेच असतात, बाबूजींच्या वेळेपासून. मोठा माणूस, तोंडात पान, बोलणं गोड. या हंगामाचे सहा पडदे सांगितले आणि नेहमीचा कागद पुढे केला. मी नेहमीप्रमाणे पेन घेतलं.

चमेली सरस ढवळत होती. हात पुसून आली आणि म्हणाली, "ताई, वाचू का मी एकदा?"

भैयाजी हसले. "वाच ना बेटी. तेरी ताई सात साल से साइन कर रही है, कभी पढ़ा नहीं."

तिने वाचला. खालपर्यंत. मग एका ओळीवर बोट ठेवून मला म्हणाली, "इथं सही करू नका." त्या ओळीत असं होतं की पडद्याचं चित्र कंपनीच्या मालकीचं, ते कंपनी हवं तिथे, हव्या त्या प्रकारे, कितीही वेळा छापून घेऊ शकते, आणि चित्रकाराचा काही हक्क नाही, नाव देण्याचाही नाही.

मला पटकन समजलं नाही. चमेलीने समजावलं. आणि मग ज्या गोष्टीचं मला दोन वर्षं नवल वाटत होतं तिचा उलगडा झाला. देवरीकडच्या एका गावात मी माझाच दरबाराचा पडदा फ्लेक्सवर छापलेला पाहिला होता. तोच सिंहासनाचा वाकडा पाय, माझ्या हातून चुकलेला. मी समजले कोणीतरी चोरलं. चोरलं नव्हतं. मी सही करून दिलं होतं. सात वर्षं दरवर्षी.

मी भैयाजींना विचारलं, "हे खरं हाय का जी?"

ते म्हणाले, "अब इसमें क्या है बेटी, सब कंपनी वाले ऐसा ही करते हैं. शालीकराम भाऊ ने कभी पूछा क्या?"

चमेली म्हणाली, "ही ओळ खोडा, मग सही होईल." भैयाजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोण व्हय ही पोरगी? वकील हाय का?" बाबूजी खाटेवरून ओरडले, "चमेली, तू आपलं काम कर!" मी काय केलं सांगू? मी कागद परत दिला. म्हटलं, ओळ खोडून आणा. भैयाजी पान थुंकून निघून गेले. बाबूजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पाच दिवसांनी त्यांचा माणूस कागद घेऊन आला. ओळ खोडलेली होती, बाजूला सही.

रात्रभर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. सात वर्षं मी माझा हात फुकट विकला आणि मला वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. मी चमेलीला विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, दुसऱ्या वर्षाला कायद्याचा एक पेपर होता. सगळे कंटाळायचे त्या तासाला. बाहेरून एक वकील बाई यायच्या शिकवायला.

म्हणजे तुमच्याकडे काहीच नाही असं नाही. आहे. मग खोटा फॉर्म कायले पाठवतोस? जे आहे ते दाखव ना. ही ओळ दाखव. एका पोरीने तीन वर्षं शिकून एका बाईचा हात वाचवला, हे लिही तुझ्या अहवालात.

पण नाही. तिथे आकडा लागतो.

योगेश्वरी

---

कुडवा, ६ ऑक्टोबर २०१३

लोकेंद्र,

तुला आतापर्यंत कळलं असेल. तरी माझ्याकडूनही कळू दे.

शुक्रवारी समितीतल्या एका बाईंचा फोन आला. मी शिडीवर होते. त्यांनी विचारलं, शालीक आर्ट्सच्या प्रोप्रायटर बोलताय का? मी हो म्हटलं. त्यांच्यासमोर म्हणे नेमणुकीचा फॉर्म होता, माझ्या सहीचा.

माझ्या सहीचा!

मी सही केली नव्हती. मग कोणी केली? खाली खाटेवर बाबूजी बसले होते. त्यांनी मान खाली घातली. शिक्का त्यांच्याच पेटीत असतो. तू कोरा फॉर्म त्यांना वेगळा पाठवलास ना? थरथरत्या हाताने त्यांनी माझं नाव लिहिलं. माझी सही ते लहानपणापासून पाहतात, जमली असेल.

बाईंना मी सांगितलं : ही सही माझी नाही. पाचपैकी चार जणांना मी ओळखत नाही. पाचवी इथे आहे, ती नोकर नाही, ती काम शिकून राहिली आहे, आणि जे शिकून आली त्यातलं काही खूप कामाचं आहे आणि बरंच काही नाही. काय कामाचं आणि काय नाही हे त्यांनी विचारलं, म्हणून तेही सांगितलं. अर्धा तास. माझा सरस जळला.

फोन ठेवल्यावर बाबूजी म्हणाले, "भावाचं घर जाळलंस."

मी म्हटलं, "तुम्ही काऊन माझं नाव लिहिलं?"

"तो माझा पोरगा हाय," ते म्हणाले.

मग मी कोण आहे, हे मी विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर ऐकवलं नसतं.

योगेश्वरी

---

आमगाव, १२ नोव्हेंबर २०१३

लोकेंद्र,

तू भाऊबीजेला येशील असं वाटलं नव्हतं. ओवाळून घ्यायला नाही, भांडायला आलास. ठीक आहे. सगळा मोहल्ला बाहेर येऊन ऐकत होता. फटाक्यांपेक्षा आवाज तुझा मोठा.

तू गेल्यावर मी तुझं एक वाक्य आठ दिवस चघळत बसले आहे. "ती चित्रं मी चोरली नाहीत. तूच दिलीस. तू स्वतःच्या हाताने फाइलीत घातलीस."

हो.

हे मी बाबूजींना सांगितलेलं नाही, इंद्रकुमारला नाही, कोणालाच नाही. मी दिली. तुझी तीन चित्रं कच्ची होती, तू रडत होतास, आणि मी माझी फाइल उघडली. आणि त्या आधीचंही सांगते. बाबूजींनी मला एकदा विचारलं होतं, "तुले जायचं हाय का नागपूरले?" एकदाच, पण विचारलं होतं. मी नाही म्हणाले. मी भ्याले. त्या मोठ्या इमारतीला, इंग्रजी बोलणाऱ्या पोरींना, एकटीने खोलीत राहण्याला. नंतर लोकांना सांगत आले की मला पाठवलं नाही. दहा-बारा वर्षं सांगून सांगून ते मलाच खरं वाटायला लागलं. तुझ्यावर रागावणं सोपं होतं.

हे लिहिलं म्हणून तुझा फॉर्म खरा होत नाही, हे लक्षात ठेव. बापाकडून बहिणीची सही करून घेणारा माणूस तूच आहेस.

पण तू शेडमध्ये जे बोललास, आरडाओरडा संपल्यावर, बाबूजी घरी गेल्यावर, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. जाहिरात कंपनीत तीन वर्षं तू फक्त दुसऱ्यांची चित्रं कापून चिकटवलीस. मग तुला काढलं. आम्हाला सांगितलंस की मीच सोडली. शिकवायची नोकरी धरलीस कारण दुसरी मिळत नव्हती. "मला जे करता आलं नाही तेच मी पोरांना शिकवतो, ताई. दरवर्षी साठ पोरं माझ्यासमोर बसतात आणि मला विचारतात, सर, आम्ही पुढे काय करू? मला माहीत नसतं. मी पुढची स्लाइड दाखवतो."

तू हे बोललास तेव्हा तुला जवळ घ्यावं असं वाटलं. आणि एक थोबाडीत द्यावी असंही. दोन्ही केलं नाही, चहा केला.

आता ऐक. प्रवेश वर्षभर थांबले, विभागप्रमुखपद गेलं, पण शिकवणं शाबूत आहे ना? मग एक काम कर. जे वर्ष आता तुझ्याकडे आहे त्यातली ज्यांना यायचं असेल ती पोरं माझ्याकडे पाठव. बस भरून नाही. तीन-चार. एका दिवसासाठी नाही, अख्ख्या हंगामासाठी. शेडशेजारची बाबूजींची खोली रिकामी आहे. आमच्याबरोबर जेवतील, सरस शिजवतील, गाडीवर पडदे चढवून गावात नेतील, बांधतील, कंपनीच्या बाकावर बसतील. शेवटी मी कागदावर लिहून देईन त्यांना काय आलं आणि काय नाही. खरं तेवढंच लिहीन. पास-नापास तू कर.

बाबूजी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण काल म्हणाले, "त्या खोलीचं टिन गळते, पोरं येणार असंल तं बदलून घे."

योगेश्वरी

---

आमगाव, २३ फेब्रुवारी २०१४

लोकेंद्र,

हंगाम संपत आला. तू पाठवलेल्या तिघांचा हिशेब वेगळ्या पाकिटात आहे, प्रत्येकाला एक पान. थोडक्यात इथेही सांगते. निखिल चौथ्या दिवशी पळाला. सरसाचा वास सहन झाला नाही म्हणाला. त्याला दोष देत नाही, चौथ्या दिवशी कळलं हे तिसऱ्या वर्षानंतर कळण्यापेक्षा बरं. मृण्मयीचा हात साधारण आहे, पण तिने तीन कंपन्यांच्या तारखा, गावं, गाड्या अशा जुळवल्या की एकही पडदा उशिरा पोचला नाही. तिला हे काम आवडलं. तिला चित्रकार करायच्या मागे लागू नकोस. तिसऱ्या पोराचं, दुर्गेशचं, पानभर वाच.

आता मुख्य गोष्ट. चमेली गेली.

संक्रांतीनंतर एक दिवस आली आणि म्हणाली, "ताई, मी सालेकशाला स्वतःची शेड टाकते." मला आनंद झाला. पुढचं ऐकेपर्यंत. भैयाजींनी पुढच्या हंगामाचे पडदे तिला दिले. माझ्याकडून काढून. आपल्या बाबूजींच्या वेळचं गिऱ्हाईक!

मी इतकी चिडले की हातातला डबा आपटला, सगळा निळा रंग जमिनीवर. म्हटलं, "माझ्याकडून शिकली आणि माझंच घर फोडलं? हेच शिकवलं का तुमच्या विद्यापीठात?"

ती रडली नाही. म्हणाली, "ताई, मी विचारायला गेले नव्हते. ते आले. मी कागद वाचला, चांगला होता. तुम्हीच म्हणता ना, चौथ्यांदा उठायचं नसतं?"

"माझ्या डोक्यावर पाय देऊन?"

"तुमच्याकडे अजून तीन कंपन्या आहेत. माझ्याकडे एकही नव्हती."

ती गेली. दोन आठवडे माझा राग उतरला नाही. बाबूजींना मात्र मजा वाटली. "पोरगी तयार झाली," म्हणाले. तुझ्यावरही राग आला, कशासाठी ते आता सांगता येत नाही. सवयीने आला असेल.

तिसऱ्या आठवड्यात राहवलं नाही. स्कूटी काढली आणि सालेकशाला गेले. तिच्या गावात विचारलं तर पोरंसोरं दाखवायला पुढे धावली. घराच्या मागे बांबू रोवून तिने कापड ताणलं होतं. मी येताना दिसले तशी ती शिडीवरून उतरली. मी आधी कापडाकडे पाहिलं.

जंगलाचा सीन होता. लोकेंद्र, आपल्या पडद्यांवरचं जंगल तुला माहीत आहे. बाबूजींनी कोणाकडून तरी उचललेलं, मी त्यांच्याकडून. दोन्हीकडे एकसारखी हिरवी झाडं, मध्ये वाट, मागे धबधबा. असं जंगल आपल्या जिल्ह्यात कुठेच नाही. मी पन्नास वेळा काढलं असेल आणि एकदाही वाटलं नाही की हे कुठलं झाड आहे.

तिच्या कापडावर मोहाचं झाड होतं. मोहच, दुसरं काही नाही. सालीवरच्या भेगा, खालच्या फांदीचा वाकडा कोपर, पानं झडलेली. मागे कचारगडचा डोंगर, दुपारचा, करडा, पळस नुकता पेटायला लागलेला. मला त्या झाडाखाली बसावंसं वाटलं. वीस फुटांच्या कापडासमोर उभी राहून मला उन्हाचा वास आला.

मी बराच वेळ पाहिलं. एक फांदी जरा जड झाली होती, ते सांगितलं. मग विचारलं, "हे मी शिकवलं नाही. कुठे शिकलीस?"

म्हणाली, "पहिल्या वर्षी सर आम्हाला टेकडीवर न्यायचे. लोकेंद्र सर. एका झाडासमोर बसवायचे आणि सांगायचे, मनातलं झाड काढू नका, समोरचं काढा. तीन-तीन तास. पोरं पळून जायची. सर स्वतःही बसायचे काढत. काढून झालं की फाडून टाकायचे. मी एकदा एक उचलून ठेवलं. इतकं चांगलं होतं, ताई. नंतर विभागप्रमुख झाले, मग बंद झालं ते. स्लाइड सुरू झाल्या."

हे तुला सांगायचं नव्हतं मला. परत येताना अख्ख्या वाटेत ठरवत होते की सांगायचं नाही, फुगशील. आमगावात पोचेपर्यंत मन बदललं.

तू म्हणालास की तुझ्याकडे पोरांना द्यायला काही नाही. खोटं बोललास, आणि या वेळी स्वतःशीच. एक आदिवासी पोरगी तुझ्याकडून झाड बघायला शिकली आणि झाडीपट्टीच्या पडद्यावर पहिल्यांदा इथलं झाड उभं राहिलं. मला ते पंचवीस वर्षांत सुचलं नाही. त्यासाठी मला तुझा राग येतो, हेही लिहून ठेवते.

तर ऐक. स्लाइड बंद कर. पोरांना टेकडीवर ने आणि झाडासमोर बसव. स्वतः बस. काढलेलं फाडू नकोस. तेवढंच शिकव आणि ती वकील बाई सोडू नकोस. बाकीचं माझ्याकडे पाठव, आणि पोरांना सांग, जुने कपडे आणा. सरसाचा वास धुऊन जात नाही.

योगेश्वरी